आईला उजेड कमी पडतो

आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी जेवत होतो. "या खोलीत उजेड कमी पडतो रे," असं म्हणत तिने आमटी वाढली आणि ती वाटीच्या काठावरून ताटात सांडली. मी आधी छताकडे बघितलं. दिव्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात उजेड कमी! दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. आई म्हणाली म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातून दुप्पट ताकदीचा दिवा आणला आणि स्वतः स्टुलावर चढून टेबलाच्या वर लावला.

"आता?"

"आता बरंय," आई म्हणाली.

तिला बरं नव्हतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

वडील गेले त्या वर्षी मी दहावीत होतो. ते गिरणीत होते. शिवडीला त्यांना माती देऊन आलो आणि पुढच्या महिन्यात दिव्यांच्या बाजारात ट्यूबलाइटची खोकी डोक्यावरून वाहायला लागलो. बाजार ते गिरगाव, गिरगाव ते बाजार, दिवसातून सहा-सात खेपा. खोकं आपटलं की शिव्या मिळायच्या. समोरचा भाव सांगत असताना तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, ही पहिली विद्या मी तिथे शिकलो. दुसरी विद्या म्हणजे आवाज चढवणं, ती माझ्याकडे उपजत होती. खोकी वाहणारा, मग फिरता विक्रेता, मग फळीवरचं दुकान, मग शटरचं दुकान. यातलं काही कोणी मला दिलेलं नाही, हे मी लोकांना जरा जास्तच वेळा सांगतो. परळच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर आला तेव्हा इतर बिऱ्हाडं मिळेल ती खोली घेत होती. मी बिल्डरच्या माणसाशी आठ महिने भांडून पूर्वेची खिडकी मिळवली. आईला सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला कोवळं ऊन लागायचं, म्हणून.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. चाळीत आमचं एकच घर ख्रिस्ती होतं. नाताळात आईच्या करंज्या चारही मजल्यांवर जायच्या आणि गणपतीत आमच्याकडे इतके मोदक यायचे की आई ते दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन जायची. ती प्रसूतिगृहात आया होती. रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घ्यायची. तिची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पिशवीतून सुईदोरा काढायची आणि मुलांसमोर सुई ओवून दाखवायची.

"आत्ता माझं लक्ष कुठंय?"

"सुईच्या भोकात," मुलं ओरडायची.

"आणि तू मागे त्याला चिमटा काढलास ते मला दिसलं का?"

"नाही."

"दिसलं. पण तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोरा बाहेर गेला असता. विश्वास म्हणजे एवढंच. जग असतंच आजूबाजूला. डोळा भोकावर ठेवायचा."

मी एकदा विचारलं होतं, दोरा जाडा असला तर? "तर तोंडात घालून ओला करायचा, पीळ द्यायचा, बारीक करायचा," आई म्हणाली. "तुझ्यासारख्यांना देव तसंच करतो." मुलं हसली. मीसुद्धा हसलो. तेव्हा मला फारसा पीळ पडला नव्हता.

पुढे चर्चची वायरिंग जुनी झाली, दिवे बदलायचे ठरले. मंडळीची सभा भरली. मी उभा राहून म्हणालो, माल माझ्या दुकानातून घ्या, खरेदीच्या भावात देतो, माणसं माझी, वर एक पैसा नको. आमचे खजिनदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं हळू, शब्द मोजून. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाजारातला माणूस ज्याला खरेदीचा भाव म्हणतो तो कोणाच्या खरेदीचा असतो, हे फक्त परमेश्वरालाच ठाऊक."

सभा हसली. अगदी पाळकसाहेबसुद्धा हसले. काम दुसऱ्याला गेलं.

मी तिथेच उभा राहून ओरडलो, की हा माणूस या मंडळीसमोर माझी माफी मागेल त्या दिवशीच मी या दारातून आत येईन. आई तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

आता इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. त्या भावात माझं थोडं होतं. फार नाही. आम्ही ज्याला खरेदीचा भाव म्हणतो त्यात भाडं, हमाली, फुटतूट सगळं धरलेलं असतं आणि धरताना हात जरा सैल सुटतो. खजिनदाराचं बोलणं पूर्ण खोटं असतं तर मी ते महिनाभरात विसरलो असतो.

तेव्हापासून माझा रविवार ठरून गेला. आईला गाडीतून चर्चच्या फाटकापर्यंत न्यायचं, हात धरून उतरवायचं आणि ती आत गेली की समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. दीड तास. आतून गायन ऐकू यायचं. पेटी, तबला, मग सगळ्यांचा मिळून आवाज, आणि त्यात आईचा आवाज मी ओळखायचो, कारण ती शेवटचं अक्षर सगळ्यांपेक्षा जरा लांबवते. टपरीवाला एकदा म्हणाला, "शेठ, आत का नाय जात? आत पंखा पण हाय." मी त्याला म्हणालो, "तू चहात साखर घाल. धर्मात नको घालू."

घरात दिवे वाढत गेले. जेवणाच्या टेबलावरचा झाला, मग स्वयंपाकघरातला, मग आईच्या पलंगाशी, मग बाथरूममध्ये दोन. आई दाराच्या चौकटीला खांदा घासून जायची, तिच्या डाव्या दंडावर काळंनिळं असायचं. मी पॅसेजमध्ये दिवा लावला. ती स्टुलाला अडखळली. मी स्टूल हलवलं आणि कोपऱ्यात दिवा लावला. आमच्या धंद्यात जुनी माणसं सांगतात, दिवा असा लावावा की दिवा दिसू नये, वस्तू दिसावी. हे मी गिऱ्हाइकांना हजार वेळा ऐकवलं असेल. माझ्या घरात मात्र जिकडे बघावं तिकडे दिवेच दिसत होते आणि ते दिसले की मला वाटायचं, मी आईसाठी काहीतरी करतोय.

बायको म्हणाली, "अहो, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ या ना."

"चष्मेवाल्याकडे नेलं होतं की."

"चष्मेवाला म्हणजे डॉक्टर का?"

"शेवटची ओळ वाचली तिने! शेवटची! तुला वाचता येते का?"

हे खरं होतं. दादरच्या ओळखीच्या चष्मेवाल्याकडे आईने भिंतीवरच्या पाटीवरची सगळ्यात बारीक अक्षरं न अडखळता वाचली होती. तो म्हणाला, आजींची नजर कॉलेजातल्या पोरीसारखी आहे, नंबर तोच आहे. त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न मी मिटवून टाकला आणि फ्रेमच्या किमतीवरून त्याच्याशी वाद घालत बसलो. समोरचं बारीक अक्षर दिसत असताना बाजूचं अख्खं दार दिसेनासं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. पण बायकोलाही माहीत नव्हतं, तरी तिला शंका आली. मला आली नाही. मला शंका घ्यायची सवय फक्त भावाबाबत आहे.

मग एका रविवारी गाडीत बसताना आई सहज म्हणाली, "चर्चमध्येही हल्ली अंधुकच वाटतं बाबा. पुस्तकात पुढची ओळ सापडेपर्यंत कडवं संपतं."

मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही. घरी येईपर्यंतही दम धरवला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हाच मी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, की तुमच्या स्वस्तातल्या मालाखाली म्हाताऱ्या बाईला गीतांचं पुस्तक दिसत नाही, खजिनदारांनी वाचवलेल्या पैशांचा हिशेब आता देवापुढे द्यावा. दोन जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. पुढच्या रविवारी आई बाहेर आली तेव्हा म्हणाली, "माझ्या बाकावर वेगळा दिवा लावलाय त्यांनी. खास."

"मग? दिसतं का?"

"छान लावलाय," आई म्हणाली.

मी विचारलं काय होतं आणि तिने सांगितलं काय होतं, याकडे माझं लक्ष नव्हतं. ते वाकले, मी जिंकलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि सलामाची गोष्ट. आमच्याकडे उपासना सुटली की माणसं एकमेकांना सलाम करतात. नुसता हात कपाळाशी नेऊन, मान जरा लववून. कोणाला सलाम केला नाही तर ते वर्षभर लक्षात राहतं. बायकोच्या कानावर आलं की आईने खजिनदारांच्या बायकोचा सलाम घेतला नाही. एकदा नाही, तीनदा. ती बाई डाव्या बाजूला अगदी हाताच्या अंतरावर उभी राहून सलाम करत होती आणि आई सरळ पुढे बघत निघून गेली. मंडळीत बोलणं झालं की मुलाचं भांडण आता म्हातारीनेही उचललं.

बायकोने मला हे सांगितलं तेव्हा तिला काळजी वाटत होती. मी मांडीवर थाप मारली. "शाब्बास आई! शेवटी रक्त कोणाचं?"

आईला मी हे बोलून दाखवलं नाही, कारण तिने नाकारलं असतं तर माझी मजा गेली असती. त्या बाईनेही पुढे सलाम करणं सोडलं. बाकीच्या बायका कोणाच्या बाजूने जायचं ते ठरेपर्यंत लांब राहिल्या. आईच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. तिला वाटलं असेल की माझ्यामुळे सगळे तिच्यावर नाराज आहेत. आणि ते एका अर्थाने खरंच होतं. ती घरी यायची. खिडकीत बसून सुपारी कातरायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती चर्चच्या पायऱ्यांवरून पडली. मी टपरीवरून बघत होतो. सगळे बाहेर पडत होते, आई कठड्याकडे हात करत होती आणि कठडा होता त्याच्या वीतभर अलीकडेच तिचा हात फिरत होता. मग ती दोन पायऱ्या एकदम खाली आली. मी रस्ता ओलांडून पोहोचेपर्यंत कोणीतरी तिला उचलून बसवलं होतं. खजिनदारच होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला आईच्या कोपराचं रक्त लागलं होतं.

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. "पायऱ्यांवर दिवा लावायला काय झालं होतं तुम्हाला? आत लावले, इथे का नाही? माणूस मरायची वाट बघता का?"

ते आईचं कोपर रुमालाने धरून बसले होते. त्यांनी मान वर केली. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यांनी दुसरा हात कपाळावर धरला.

"अहो," ते म्हणाले, "बारा वाजत आलेत. हे ऊन बघा. आणखी किती उजेड पाहिजे?"

मी बघितलं. पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. फाटकाची सावली फाटकाच्या पायाशी गोळा झाली होती. आई त्या उन्हात बसून आपली चप्पल शोधत होती आणि चप्पल तिच्या डाव्या गुडघ्याला लागून पडली होती.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आमटी, चौकट, काळानिळा दंड, पुस्तकातली ओळ, सलाम. मी खाली बसलो आणि तिच्या पायात चप्पल घातली.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आईला तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक पांढरं मोठं भांड्यासारखं यंत्र होतं, त्यात तोंड घालून, हनुवटी टेकवून बसायचं. एक डोळा झाकलेला. समोर मधोमध एक बारीक दिवा. यंत्रावरच्या मुलीने समजावलं, "आजी, मधल्या दिव्याकडेच बघत राहायचं. इकडेतिकडे नजर फिरवायची नाही. बाजूला कुठे ठिपका चमकलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. बस्स."

मला मागे स्टुलावर बसू दिलं होतं. तिथून मला भांड्याच्या कडेला चमकणारे ठिपके दिसत होते. वर, खाली, डावीकडे, परत डावीकडे. प्रत्येक ठिपक्याला मी बटणाच्या आवाजाची वाट बघायचो. आवाज येत नव्हता. माझ्या हातात बटण असतं तर मी तिच्या वतीने दाबत सुटलो असतो. कधीतरी मध्येच एक टिक यायची आणि मग पुन्हा बराच वेळ काही नाही. आईची पाठ ताठ होती. प्रार्थनेला बसते तशी ती बसली होती.

झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं कोणी बसत नाही हो. लोकांची नजर सारखी पळते, ठिपके शोधायला जातात. तुमची एकदाही हलली नाही."

"हलवू नको म्हणालीस ना तू," आई म्हणाली. "बरं वाटलं मला. एकाच दिव्याकडे बघायचं, बाकी काही काम नाही."

डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. दोन गोल होते. डावा जवळजवळ पूर्ण काळा. उजव्याच्या मध्ये पांढरा तुकडा, सुपारीएवढा, बाकी काळं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. दुखत नाही, हळूहळू कडेकडेने नजर जाते, मधली शेवटी जाते, त्यामुळे माणसाला उशिरा कळतं. गेलेली परत येत नाही, आहे ती टिकवायचा प्रयत्न करायचा.

मी घासाघीस करायला लागलो. दुसरं मला काही येत नाही. म्हणालो, पूर्ण नको, अर्धी आणा. अर्धी नाही तर डाव्या बाजूची थोडी. परदेशातून औषध मागवू. माझा डोळा काढून बसवता येत असेल तर बसवा. डॉक्टरबाई शांतपणे प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. शेवटी मी टेबलावर हात आपटला. "काहीतरी बोला ना तुम्ही! तुमचा काहीतरी आकडा सांगा!"

"दोन वर्षांपूर्वी आला असता तर सांगितला असता," त्या म्हणाल्या.

आईने माझी बाही ओढली. "चल. त्यांना पुढचे पेशंट आहेत."

गाडीत मी तिला विचारलं, का बोलली नाहीस? ती म्हणाली, "बोलत होते की. उजेड कमी पडतो म्हणून सांगत होते." मग लालबागच्या पुलाखाली गाडी थांबलेली असताना म्हणाली, "तू दिवे लावत होतास. एवढ्या हौसेने लावत होतास. परत परत कसं सांगू?"

थेंब सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ. मी स्वतः घालायचो. एक लहान शस्त्रक्रियाही झाली. मधला तो पांढरा तुकडा राहिला होता, त्यातून तिला आमचे चेहरे दिसायचे, एका वेळी एक. ती म्हणायची, "आता मला बरं झालंय. कोण चिमटे काढतं ते दिसतच नाही." बायको हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

महिन्याभराने खजिनदार आणि त्यांची बायको घरी आले. बाईने केक आणला होता. ती आईसमोर बसली आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही रागावलात. आई म्हणाली, मला वाटलं तुम्ही रागावलात. मग दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी आणि खजिनदार समोरासमोर. मी वाट बघत होतो. एवढं झाल्यावर, आईच्या समोर, माझ्या घरात, आता तरी हा माणूस ते एक वाक्य बोलेल. त्यांनी छताकडे बघितलं, डोळे किलकिले केले आणि म्हणाले, "तुमच्याकडे डोळे दिपतात हो."

त्यांना काय म्हणायचं होतं मला माहीत नाही. कदाचित दिवे खरंच डोळ्यांवर येत होते, बाकी काही नसेल. पण मला तो टोमणा वाटला. मी म्हणालो, "आणखी काही बोलायचंय?"

"आईंना बघायला आलो होतो," ते म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "रविवारी माझ्या डाव्या बाजूला बस. कोण सलाम करतंय तेवढं सांग मला. मी एकटीच कशी ओळखू?"

"त्याला माफी मागू दे."

"कशाची?"

"तुला माहितीये कशाची."

"मला ते आठवत नाही," आई म्हणाली. हे खोटं होतं. तिला सगळं आठवतं. "मला तुझं तोंड त्या बाकावर बघायचंय एकदा. अजून दिसतंय तोवर."

एवढं स्पष्ट सांगितलं तिने. मी लिहिताना थांबून पुन्हा विचार करतो की मी कोणत्या तोंडाने नाही म्हणालो असेन. पण म्हणालो. आणि एकदाच नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी फाटकाशी उतरताना ती विचारायची, "आज येतोस?" आणि मी म्हणायचो, "त्याला विचार." माझा अंदाज होता की वेळ आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, टिकवू. आणि ओढून धरलं की समोरचा शेवटी येतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. बायको रविवारी आईबरोबर आत बसायला लागली. मी टपरीवर. पावसाळा गेला, नाताळ गेला. नाताळच्या दिवशीही मी बाहेर होतो. नंतर आईने विचारणं सोडलं. ते मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी थेंब घालायला तिच्याकडे गेलो. ती खिडकीत बसली होती, शास्त्र मांडीवर उघडं, तळहात त्यावर उताणा.

"ऊन आलंय ना?" तिने विचारलं.

तिचा हात, मांडी, पुस्तकाचं पान, सगळं उन्हाने भरलं होतं.

"आलंय."

"हाताला लागतंय," ती म्हणाली. "पण दिसत नाही."

मी तिच्यासमोर खाली बसलो, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला, जवळ, आणखी जवळ. उजव्या डोळ्याने ती मला रोज जिथे शोधायची तिथेच तिने शोधलं. मग हात पुढे करून माझ्या गालाला लावला. "दाढी नाही केलीस," ती म्हणाली.

त्या रविवारी मी आत गेलो. कोणी माफी मागितली नव्हती. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी फाटकाशी थांबलो नाही, तिचा हात धरून पुढे चालत राहिलो. टपरीवाला मागून म्हणाला, "शेठ, चहा?" तिसऱ्या बाकावर मी तिच्या डावीकडे बसलो. तिच्या डोक्यावर तो खास दिवा होता. लावलेला चुकीचा होता, सगळा प्रकाश पुढच्या बाकाच्या पाठीवर पडत होता. माझ्या हातून झालं असतं तर वीतभर डावीकडे घेतला असता. हा विचार तिथेही आलाच.

गायन सुरू झालं. मला वाटलं होतं, मी ओळी वाचून तिच्या कानात सांगेन. पण तिला सगळी गीतं पाठ होती आणि मी इतकी वर्षं बाहेर होतो की पुस्तकात पान शोधेपर्यंत कडवं संपत होतं. ती गात राहिली. मी तिच्या मागून शब्द उचलत गेलो.

उपासना सुटली. बायका-माणसं बाकांमधून बाहेर यायला लागली. खजिनदार डावीकडून आले, आमच्या बाकाशी थांबले आणि आईला सलाम केला. आई पुढे बघत होती. ते थांबून राहिले. मलाच बोलायला हवं होतं.

"आई, सलाम आहे."

"कोणाचा?"

मी नाव घेतलं. त्यांचं नाव इतक्या वर्षांत माझ्या तोंडून शिवीशिवाय निघालं नव्हतं. आई वळली, पण जरा जास्त वळली, आणि खांबाला सलाम केला. मान लववून, अगदी नीट. मी तिचा खांदा धरून फिरवणार होतो. त्याआधी खजिनदार बाकाला वळसा घालून, गर्दीतून वाट काढत, खांबासमोर जाऊन उभे राहिले. तिचा हात अजून कपाळाशी होता. त्यांनी तिथून पुन्हा सलाम केला आणि मोठ्याने म्हणाले, "सलाम आई. घेतला."

त्यांनी माफी मागितली नाही. मीही नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनी आधी नजर वळवली की मी, हे मला सांगता येणार नाही.

आता मी दर रविवारी जातो. माझी प्रार्थना अजून घासाघीसच असते. तिचा उजवा डोळा, नाही तर उजव्या डोळ्यात नुसती सावली, नाही तर दिवस-रात्र कळण्याइतकं काहीतरी. मी खाली खाली येत जातो आणि तिकडून उत्तर येत नाही. पाळकसाहेब म्हणतात, आपण डोळे मिटू या. सगळे मिटतात. आईसुद्धा मिटते, घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला कळेना, की हिला आता मिटायची काय गरज. तेव्हापासून माझे डोळे मिटत नाहीत. प्रार्थनाभर मी तिच्याकडे बघत बसतो. आमेन झालं की ती पापण्या उघडते.